रात्री उशिरा ऐकायची माझी शांत मराठी गाण्यांची यादी, क्रमासकट

प्रश्न असा आहे: ‘रात्री अकरानंतर दिवे मालवून ऐकता येतील अशा शांत मराठी गाण्यांची तुमची यादी द्याल का? माझ्या यादीत दोन-तीन गाणी झाली की काहीतरी खटकतं आणि झोप उडते.’

यादी देतो, पण आधी त्या खटकण्याबद्दल. गाणी बहुतेक चांगलीच असतात, खटकतो तो दोन गाण्यांमधला सांधा. आपण गाणं निवडतो मुखड्यावरून. मुखडा संथ असतो, मग दुसऱ्या कडव्याआधीच्या तुकड्यात व्हायोलिनचा ताफा एकदम चढतो आणि माणूस टक्क जागा. म्हणून नवं गाणं यादीत घालण्याआधी मुखड्याऐवजी कडव्यांमधलं वाद्यसंगीत आणि शेवटची वीस सेकंदं ऐका. तिथे आवाज कमी करायला हात फोनकडे गेला, तर ते गाणं सकाळच्या चहासाठी ठेवा.

आता क्रम.

सुरुवात ‘सांज ये गोकुळी’. सुधीर मोघ्यांचे शब्द, श्रीधर फडक्यांची चाल, आशा भोसल्यांचा आवाज. वेळ संध्याकाळची, त्यामुळे ते पहिलंच हवं. मध्ये टाकलंत तर अकरा वाजता पुन्हा दिवेलागण झाल्यासारखं वाटतं. मग ‘जिवलगा राहिले रे दूर घर माझे’ (शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, आशा भोसले). याला थोडं लक्ष द्यावं लागतं, म्हणून तेही लवकर. तिसरं ‘तोच चंद्रमा नभात’. शब्द पुन्हा शांताबाईंचे, चाल आणि गळा दोन्ही सुधीर फडक्यांचे. बाबूजींचे, म्हणजे फडक्यांचे, उच्चार इतके स्वच्छ की आवाज खूप कमी ठेवला तरी शब्द कळतात, आणि रात्रीच्या यादीत हा गुण सुरांइतकाच मोलाचा. चौथं ‘शुक्रतारा मंद वारा’: शब्द मंगेश पाडगांवकरांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे.

पाचव्या जागी ‘तरुण आहे रात्र अजुनी’. हे गाणं लोक हमखास यादीच्या शेवटी ठेवतात. शब्द नीट ऐका हो! ती त्याला विचारते आहे की इतक्यात झोपलास कसा. झोपेच्या उंबरठ्यावर हे कोणी ऐकावं? मध्यावर मात्र फर्मास बसतं, आणि त्याला लागून ‘चांदण्यात फिरताना’. दोन्हीकडे सुरेश भट, हृदयनाथ आणि आशाबाई हेच त्रिकूट, त्यामुळे सांधा आपोआप जुळतो.

इथून पुढे उतार. ‘सखी मंद झाल्या तारका’ मुळात पुणे आकाशवाणीसाठी संगीतकार राम फाटकांनी भीमसेन जोशींकडून गाऊन घेतलं, नंतर सुधीर फडक्यांनी गायलं. रात्रीसाठी मी फडक्यांचं घेतो. भीमसेनांच्या आवाजाचा भरणा मोठा, तो बसून ऐकावा. मग ‘मालवून टाक दीप’ (भट, हृदयनाथ, लता मंगेशकर). हे सातवं-आठवं येईतो खोलीत खरोखर अंधार असावा. शेवट ‘निंबोणीच्या झाडामागे’: सुमन कल्याणपूर, शब्द मधुसूदन कालेलकरांचे, संगीत एन. दत्ता, १९७७चा ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ चित्रपट. अंगाईच्या पुढे गाणं ठेवू नये.

ही नऊ गाणी साधारण पाऊण तासाच्या आत संपतात. यापेक्षा लांब यादी रात्री कोणी पुरी ऐकत नाही. कवी ग्रेस यांचं ‘भय इथले संपत नाही’ मुद्दाम घेतलेलं नाही. गाणं थोर आहे, पण शांत आणि उदास यांत फरक असतो. ज्याला झोप येत नाही त्याच्या हातात रात्री बारा वाजता ग्रेस देऊ नयेत. ‘केव्हातरी पहाटे’ही बाहेर, कारण नावातच पहाट आहे.

शब्द नको असतील तर शेवटी बासरी किंवा संतूरवर बागेश्री नाहीतर मालकंस लावा, मात्र फक्त आलाप. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत संथ आलाप, मग लय धरणारा ‘जोड’ आणि शेवटचा वेगवान ‘झाला’ हे सगळं एकाच ट्रॅकमध्ये असतं. डोळा लागतो न लागतो तोच झाला सुरू होतो. आलाप वेगळा असलेला ट्रॅक शोधा, नाहीतर टायमरने मध्येच तोडा.

आता यंत्राची बाजू. जुन्या तबकडीवरून उतरवलेलं गाणं आणि नंतर झळाळी देऊन काढलेलं गाणं यांच्या पातळीत बराच फरक पडतो. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करणारा पर्याय आहे, तो चालू करा आणि पातळी ‘क्वाएट’ ठेवा. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं विरत असतानाच पुढचं सुरू करणारी सोय, शून्यावर. तो १२ सेकंदांपर्यंत वाढवता येतो आणि पार्टीत शोभतोही, पण भावगीतात एका गाण्याचा शेवटचा षड्ज आणि दुसऱ्याची पहिली ओळ वेगवेगळ्या पट्टीत एकमेकांवर चढतात. कानाला सरळ बेसूर लागतं. शफल बंद, नाहीतर वरचा सगळा क्रम पाण्यात. यादी संपल्यावर ‘असंच आणखी’ वाजवणारा ऑटोप्लेही बंद. अंगाईनंतर एखादी ठसकेबाज लावणी आली की समजायचं, हाच चालू राहिला.

स्लीप टायमर ४५ मिनिटांचा पुरे. आयफोनवर घड्याळाच्या ॲपमध्ये टायमर लावून, तो संपल्यावर काय व्हावं यात अगदी खालचा ‘स्टॉप प्लेइंग’ निवडा. मग कुठल्याही ॲपमधलं गाणं थांबतं. यूट्यूबवर फुकट ऐकणार असाल तर जाहिरात गाण्यापेक्षा मोठ्याने येते आणि त्यावर यादीच्या पातळीवर काही इलाज नाही. गाणी विकत घेऊन फोनमध्ये ठेवणं हा एक मार्ग.

शोधताना रोमन स्पेलिंगचा घोळ होतो. ‘दीप’ कुठे एका आयने, कुठे दोन ईंनी. मिळेना तर गाण्याच्या पहिल्या दोन शब्दांपुढे गायकाचं नाव टाका. निकालात एकच गाणं पाच-सहा संकलनांत दिसेल. गायकाचं नाव तपासून घ्या, कारण नव्या गळ्यातलं किंवा लोफाय केलेलं त्याच नावाने मिळतं. लोफायमध्ये गाणं बऱ्याचदा ओढून संथ करतात, त्यामुळे लांबीतही फरक दिसतो.

कोणाला पाठवायची असेल तर लिंकसोबत गाण्यांची नावं, गायक आणि संगीतकार साध्या मजकुरात क्रमाने लिहून पाठवा. समोरच्याकडे दुसरं ॲप असतं, आणि परदेशातल्या भावंडांकडे हक्कांच्या भानगडीमुळे एखादं गाणं राखाडी दिसतं, वाजत नाही. सगळ्यांना भर घालता येईल अशी सामायिक यादी मात्र करू नका. आठवड्यात मामेभाऊ त्यात ‘झिंगाट’ घालतो.