मुळशीतल्या फार्महाऊसवरच्या कॉम्प्युटरचं फोर-जी सतत तुटतं, पुण्यात बसून शोधायचं कसं?

तुमची अडचण अशी दिसते: फार्महाऊसवर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा लिनक्स कॉम्प्युटर), त्याला फोर-जी डोंगल, आणि दिवसातून कधीही कोथरूडहून जोडलेलं एसएसएच (लांबून कमांड देण्याची जोडणी) गोठतं. मग पौडच्या पुढे गाडी काढून सगळं बंद-चालू करायचं. सिम बदलून पाहू का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. लाईट गेली, डोंगल लटकलं, टॉवर सुटला किंवा नुसतं तुमचं सेशन मेलं, पुण्यातून चारही सारखंच दिसतं. खरं काय झालं ते फक्त त्या मशीनला माहीत असतं, म्हणून ते त्याच्याकडूनच लिहून घ्या.

जर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या नोंदवहीचं, स्टोरेज ‘पर्सिस्टंट’ (कायमचं) करा, म्हणजे रीबूटनंतरही लॉग राहील. शिवाय क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) दर मिनिटाला एक ओळ लिहू द्या: वेळ, अपटाइम (मशीन किती वेळ चालू आहे), मोडेमची म्हणजे डोंगलची रेंज, ८.८.८.८ या गूगलच्या सर्व्हरला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी हाक) लागला का, आणि एखाद्या साइटचं नाव सापडलं का. अपटाइम विसरू नका. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवरचं घड्याळ नसतं. लाईट येऊन नेट जुळेपर्यंत त्याची वेळ चुकीची असते आणि लॉग वाचणारा फसतो.

आता त्या ओळी वाचा. अपटाइम शून्यापासून सुरू झाला असेल तर बहुतेक लाईटच गेली होती. छोटा यूपीएस लावा. आकड्याला पिंग लागतो पण नाव सापडत नाही, तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या सेवेची.

कर्नल लॉगमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदीत) ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ किंवा ‘अंडर-व्होल्टेज’ दिसलं तर मात्र नीट थांबून पाहा, कारण डोंगराच्या आडोशाला हे सर्रास घडतं. रेंज कमी असली की डोंगल जास्त ताकदीने सिग्नल पाठवतं आणि करंट जास्त ओढतं. बारीक, लांब केबल असली की व्होल्टेज खाली येतं, आणि ते ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय तक्रार नोंदवतो. म्हणजे दुखणं रेंजचं, पण दिसतं पॉवरच्या रूपात. डोंगल स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेल्या यूएसबी हबवर घ्या आणि टॉवरकडच्या खिडकीत आणा. आरएसआरपी (सिग्नलच्या ताकदीचं डीबीएममधलं माप) उणे ९० च्या आसपास असेल तर ठीक, उणे ११० च्या खाली असेल तर बाहेरचा अँटेना लावायलाच हवा. पावसाळ्यात तक्रार वाढते ती पावसाच्या धारांमुळे कमी, मधल्या ओल्या झाडीमुळे जास्त.

लॉगमध्ये सगळं सुरळीत आहे, बाहेर पिंगही जातोय आणि तरी तुम्हाला पोचता येत नाही? माझा पहिला संशय इथेच आहे. डोंगलला मिळालेला आयपी पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही मोबाइल कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात, म्हणजे अनेक ग्राहक एकच बाहेरचा पत्ता वाटून घेतात. बाहेरून आत थेट वाट नाही, म्हणून तुम्ही रिव्हर्स टनेल वापरत असणार, म्हणजे पाय स्वतःच बाहेरच्या तुमच्या सर्व्हरला जोडून घेतो आणि तुम्ही त्याच वाटेने आत येता. टनेल काही वेळ गप्प राहिला की नॅट ती नोंद पुसून टाकतं, आणि लिनक्सची स्वतःची टीसीपी कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत आहे का) तपासणी ठरावीक सेटिंगमध्ये २ तासांनी सुरू होते. तोवर दोन्ही टोकांना वाटतं, जोडणी शाबूत आहे. पायवर एसएसएचचं ‘सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल’ ३० सेकंद ठेवा, म्हणजे तो तेवढ्या वेळाने हाक देऊन पाहील. तुमच्या सर्व्हरवरही ‘क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल’ लावा, नाहीतर मेलेला जुना टनेल पोर्ट अडवून बसतो आणि नव्याला जागा मिळत नाही. टनेलला ‘एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअर’ दिलं की पोर्ट न मिळाल्यास तो बंद पडतो आणि सिस्टीमडी (लिनक्समध्ये सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) त्याला पुन्हा उठवू शकतं. एसएसएचऐवजी वायरगार्ड हे व्हीपीएन वापरत असाल तर ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद पुरे.

हे सगळं लांबून बदलताना एक काळजी घ्या: आधी जुनी फाइल १० मिनिटांनी परत जागेवर ठेवून रीबूट करणारं काम लावा, मग बदल करा. पुन्हा जोडता आलं तर ते काम रद्द करा. हार्डवेअर वॉचडॉग (मशीन गोठलं की आपोआप रीबूट करणारा टायमर) चालू करा, पण तो फक्त गोठलेलं मशीन ओळखतो, गेलेलं नेट नाही. नेटसाठी वेगळी स्क्रिप्ट हवी: १० मिनिटं पिंग नाही तर मोडेम रीसेट, तासभर नाही तर रीबूट. याहून घाई करू नका, नाहीतर टॉवरच बंद असला तर मशीन रात्रभर रीबूट होत राहील.