गावाकडं जायचंय, पण बायको हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही

"मॅडम, आता बास झालं सिटीत, गावाकडं जाऊन राहायचंय, फक्त घरातले ऐकत नाहीत, त्यांना कसं समजावू तेवढं सांगा." मी समुपदेशक, आणि लॉकडाऊननंतर हे वाक्य घेऊन येणारी माणसं माझ्याकडं फार वाढलीत. आपल्या सोलापुरात त्यात नवल काही नाही, इथं कित्येकांचं घर जुळे सोलापुरात आणि जीव मोहोळ नाहीतर सांगोल्याच्या रानात असतो. आज अशाच एका जोडप्याबद्दल लिहिते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय, नावं देत नाही, दादा आणि वहिनी म्हणू.

दादा अठ्ठेचाळीसचे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं काम, वीस-बावीस वर्षं तिथंच. मालकाची पुढची पिढी आली, ऑर्डरी कमी झाल्या, पगार दोन हप्त्यात यायला लागला. रविवारी संध्याकाळ झाली की छातीत धडधडतंय असं स्वतःच म्हणाले. गाव मंगळवेढा तालुक्यात, तासा-सव्वातासाचा रस्ता. वडिलांच्या नावावर काळी जमीन, थोरले भाऊ कसतात, आई त्यांच्याजवळ. दादांच्या मोबाईलमध्ये शेळीपालन, ड्रॅगन फ्रूट, सेंद्रिय गूळ असले व्हिडिओ सेव्ह करून ठेवलेले. हे व्हिडिओ बनवणाऱ्यांवर माझा जरा रागच आहे, त्यात गोठा चकाचक असतो आणि शेण काढणारं माणूस कधी दिसत नाही.

वहिनी बेचाळीसच्या. घरी शिलाई मशीन, शाळेच्या युनिफॉर्मचं जॉबवर्क. सोलापूर युनिफॉर्मसाठी केवढं नावाजलेलं आहे ते तुम्हाला माहितीच आहे, सीझनला म्हणजे साधारण मार्च ते जूनमध्ये रात्री बारापर्यंत मशीन चालते. मुलगी अकरावीत.

पहिल्या सेशनला दादाच बोलत होते. वहिनी खुर्चीच्या टोकावर, पर्स मांडीवर धरून, मी काही विचारलं की "यांना जे वाटतंय ते." दादा वैतागून म्हणाले, बघा मॅडम, ही दोन वर्षं हेच म्हणायलीय, हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण काहीतरी बोल की.

आता अशा ठिकाणी नवऱ्याला वाटतं बायकोला शहराची सवय लागलीय, मॉल पाहिजे, पाणीपुरी पाहिजे. पुढच्या वेळी वहिनींना एकटीला बोलावलं तर त्या हसल्याच. म्हणाल्या, "मॅडम माझं माहेर खेड्यातलं, मला गावाची कशाची भीती? इथं तरी काय सुख आहे, चार-पाच दिवसाआड नळाला पाणी. पण पाणी कधी येणार ते मला माहीत असतंय ना. तिथं माझं काय होणार तेच मला माहीत नाही. इथं मी युनिफॉर्मवाल्या ताई आहे. तिथं गेले की परत धाकटी सून."

माझ्या अनुभवात गावाकडं जायच्या वादात जेवढ्या बायका गप्प बसतात त्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात हेच असतं. त्यांचा विरोध गावाला नसतो, त्या घरातल्या जागेला असतो. आणि हे नवऱ्यासमोर बोलायचं कसं, बोललं की सासूची, जावेची तक्रार केल्यासारखं होतं, मग "यांना जे वाटतंय ते" हे सगळ्यात सोयीचं उत्तर.

मग मी दोघांना एक काम दिलं. वेगवेगळ्या कागदावर गावाकडचा एक साधा मंगळवार लिहून आणा, पहाटेपासून झोपेपर्यंत, सण नाही, पाहुणे नाहीत, आणि एकमेकांना दाखवायचा नाही.

दादांचा कागद वाचण्यासारखा होता. पहाटे पाचला उठणे, रानात चक्कर, धारोष्ण दूध, नाष्टा, काम, जेवण, लिंबाखाली झोप, संध्याकाळी पारावर मित्र, जेवण. मी विचारलं दादा, हे नाष्टा, जेवण, जेवण कोण करतंय? ते दोन मिनिटं गप्प. वहिनींच्या कागदावर पाचला चूल, आठ माणसांच्या भाकरी, सासूबाईंची बीपीची गोळी, धुणं, मजुरांचा चहा असं सगळं दुपारपर्यंत भरलेलं, आणि मग एक ओळ होती, "दुपारी 3 ते 5", तिच्यापुढं काहीच नाही, नुसतं प्रश्नचिन्ह. पेन दाबून दाबून काढलेलं, कागद मागून उठला होता. इथं त्या वेळेला मशीनवर असतात त्या. मशीनचा अख्ख्या कागदात कुठं उल्लेख नव्हता.

दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मी काहीच बोलले नाही. दादांनी वाचलं, म्हणाले, "मशीन न्यायची की मग, मी कुठं नको म्हणलंय?" वहिनी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघून बोलल्या, "कुठं ठेवायची? जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात?" त्यानंतर जे भांडण झालं ते दोन वर्षांत व्हायला पाहिजे होतं असं माझं मत. समुपदेशकाकडं आलं की भांडण थांबतं असं लोकांना वाटतं, कधीकधी ते नीट सुरू होतं.

दादांशी वेगळं पण बोलले, कारण रविवारची धडधड मला साधी वाटली नव्हती. झोप नाही, भूक नाही, ऑफिसच्या नावानं पोटात गोळा, अशा अवस्थेत माणूस म्हणतो सगळं सोडून गावाकडं जातो, तेव्हा तो गावाबद्दल बोलतच नसतो. त्यांना डॉक्टरांकडं पाठवलं, थोडी औषधं चालू झाली, आणि दीड-दोन महिन्यात झोप लागायला लागली. गंमत म्हणजे तरी गावाची ओढ तशीच राहिली, मग म्हटलं आता खरं बोलू. तुमच्यापैकी कुणाला असं होत असेल आणि जवळ कुणी नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. राजीनामा त्यानंतर लिहा.

दुसरी गोष्ट थोरल्या भावाची. दादांनी त्यांना काही सांगितलंच नव्हतं, म्हणे आपलंच घर, सांगायचं काय. मी म्हटलं तुमच्यासाठी आपलं घर, पण वीस वर्षं आईचं दुखणंखुपणं, दुष्काळ, सोसायटीचं कर्ज ज्यांनी काढलं त्यांना तुम्ही आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आलात असं वाटणार नाही का? गेले, बोलले. थोरल्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वाटणी पाहिजे का?" दादा हादरले होते त्यानं. पण प्रश्न बरोबर होता. वडील गेल्यावर सातबारावर अजून वारस लागलेले नाहीत, आणि एक बहीण आहे तिचा वडिलोपार्जित जमिनीत भावांइतकाच हक्क आहे, 2005 च्या कायद्यानं. वाटणीपत्र ही भांडणाची सुरुवात असते असं गावाकडं समजतात, मला उलटं दिसतं, ज्या घरात कागद झाला नाही तिथंच पुढं एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

आणि आता माझा नेहमीचा हट्ट: हुरड्याच्या दिवसात गाव बघून निर्णय घेऊ नका. डिसेंबर-जानेवारीत थंडी, आगटीवर भाजलेली कोवळी मालदांडी ज्वारी, वर शेंगाचटणी, गूळ, अशात कुणालाही नोकरी सोडाविशी वाटते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे ते उगीच नाही. पण मे महिन्यात जाऊन राहा. पारा बेचाळीस-त्रेचाळीस, पाण्याचा टँकर, मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची, त्यात डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो बदलून येईपर्यंत सगळं गाव आभाळाकडं बघतंय.

दोघं मे महिन्यात गेले, मुलीला सुट्टी होती. वहिनींनी सीझनचं अर्धं काम सोडलं, त्याची किंमत त्यांनी वहीत लिहून ठेवली होती, त्या वहीत प्रत्येक पीसचा हिशोब असतो. पहिला आठवडा दादांचा मजेत गेला. दुसऱ्यात कंटाळले, पारावर बरोबरीचं कुणी नव्हतं, सगळे पुण्यात, भोसरी-चाकणला. जे होते ते विशीतले, मोबाईलमध्ये डोकं घातलेले. रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला एकदा गेले, पायाजवळून काहीतरी सळसळत गेलं, दुसऱ्या दिवशी पहिलं काम गमबूट आणि चांगली बॅटरी आणली. साप चावल्यावर मांत्रिकाकडं न्यायचं नाही, 108 ला फोन लावून ग्रामीण रुग्णालयात जायचं, हे मी त्यांच्याकडून आधी पाठच करून घेतलं होतं, हसू नका, तयारीत हे पण येतं.

वहिनींचं वेगळंच झालं. गल्लीतल्या बायका ब्लाऊज घेऊन यायला लागल्या, मंगळवेढ्याला जायचा हेलपाटा वाचत होता त्यांचा. जाऊबाईंनी तोंड वाकडं केलं. मग एक दिवस जाऊबाईच पिको-फॉलसाठी साडी घेऊन आल्या. पैसे घ्यायचे का नाही ह्यावर वहिनींनी मला फोन केला होता. मी म्हटलं घ्या, कमी घ्या पण घ्या. एकदा फुकट शिवलं की ते कायम फुकट.

जूनमध्ये परत आले तेव्हा दोघंही पूर्वीपेक्षा कमी उत्साही आणि जास्त शहाणे होते. एकदम उठून जायचं नाही ठरलं. मुलगी बारावी होईपर्यंत वहिनी सोलापुरातच, त्यावर चर्चा पण करू दिली नाही मी, बारावीच्या पोराची शाळा आणि क्लास कुणाच्या स्वप्नासाठी हलवायचे नाहीत. दादा ज्वारीच्या पेरणीला सप्टेंबरमध्ये सुट्टी काढून जाणार, नोकरी अजून चालू. वाड्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, स्वतःचा गॅस, आणि रस्त्याच्या बाजूला दार, म्हणजे कपडे टाकायला येणारी बाई सासूबाईंसमोरून येणार नाही. हे दार वहिनींनी मागितलं. दादांना ते खर्चिक वाटलं, मला अख्ख्या प्लॅनमधली सगळ्यात अक्कल असलेली गोष्ट तीच वाटली.

पैशाचं थोडक्यात. दादांना पीएफचे पैसे काढून बोअर मारायची होती. त्या भागात पाचशे-सहाशे फूट जाऊन नुसती धूळ निघाल्याची उदाहरणं त्यांच्याच भावकीत आहेत, तेव्हा तो विषय थोरल्यांनीच बंद केला. पीएफमधली पेन्शन दहा वर्षं सर्व्हिस असेल तर मिळते, पन्नाशीनंतर लवकर चालू करता येते पण 58 च्या आधी घेतली तर प्रत्येक वर्षामागं 4 टक्के कमी, त्यामुळं घाई नको म्हटलं. कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीबरोबर जातो, म्हणून स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढून ठेवायची, आधीच्या आजारांचा वेटिंग पिरियड तेवढा लवकर संपतो. वहिनींचे शिलाईचे पैसे त्यांच्याच खात्यात राहणार, खोल्यांच्या बांधकामात ते घालायचे नाहीत.

दादा अजून कुरकुर करतात, मॅडम तुम्ही सगळं लांबवलंत म्हणून. बहिणीशी बोलायचं तेवढं राहिलंय. परवा म्हणाले, दिवाळीत भाऊबीजेला सगळे एकत्र येतात, तेव्हाच विषय काढतो, सह्या पण होऊन जातील. मी म्हटलं दादा, ओवाळणीच्या ताटापुढं कागद ठेवू नका, तिला वाटेल त्याच्यासाठीच बोलावलं. आधी एकदा तिच्या घरी जाऊन या, वहिनींना घेऊन, आणि तिला काय पाहिजे ते विचारा, तुम्हाला काय पाहिजे ते तिला माहितीच आहे.