काळी, पांढरी आणि तुमचं मंडळ

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

मानवशास्त्र आणि पुरातत्त्वाच्या मुलांनी मिळून एकच मंडळ काढलंत आणि तू सचिव झालीस, हे वाचून फार आनंद झाला. उद्घाटनाला कोणाला बोलवावं, असं विचारलंयस. ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा, शाल-श्रीफळ द्या आणि तासाभरात उरका. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या दिवसांबद्दल.

पुण्यात हे दोन्ही विषय एकाच छपराखाली वाढले. 1939 साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालं, तेव्हा पुरातत्त्वाचे सांकलिया आणि मानवशास्त्राच्या इरावतीबाई कर्वे दोघंही तिथे रुजू झाले. पुढे गुजरातेत लांघणजला सूक्ष्मास्त्रांबरोबर, म्हणजे दगडाच्या इवल्या हत्यारांबरोबर, माणसांचे सांगाडे निघाले. त्यावर 1949 साली दोघांच्या नावाने लेख आला. आज मानवशास्त्राची मुलं गणेशखिंडीत, पुरातत्त्वाची येरवड्याला. खापरं ओळखणाऱ्याला माणसांशी बोलायची सवय नाही आणि माणसांत रमणाऱ्याने कधी उत्खननातला मातीचा थर पाहिलेला नाही. तुमच्या मंडळाने एवढी एक भिंत पाडली तरी मला पुरे आहे.

म्हणून आधी एकत्र कामाला बसा. खापरं धुवायची, उन्हात वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात स्थळ, ट्रेंच म्हणजे खणलेला चर, आणि थर लिहायचा. वरच्या वर्गातल्याने नवख्याला शेजारी बसवून हे शिकवावं. जोर्वे संस्कृतीचं, म्हणजे तीनेक हजार वर्षांपूर्वीच्या इथल्या शेतकऱ्यांचं, भाजलेलं खापर नखाने वाजवलं की कसं खणखणतं, ते व्याख्यानात कळत नाही.

आणि चिठ्ठीला जीवापाड जपा. विद्यार्थिदशेत मी एका उत्खननावर पिशव्यांतल्या चिठ्ठ्या साध्या शाईच्या पेनाने लिहिल्या होत्या. रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी पिशव्या उघडल्या तर कागदावर नुसते निळे डाग. खापरं होती तशीच होती, पण कुठल्या थरातली ते सांगता येईना, म्हणजे आमच्या लेखी ती गेलीच. तिथे बसून मी रडले होते. मुलाखतींचंही तसंच आहे. कोण बोललं, कुठे, कोणासमोर, आणि लिहायला त्यांनी हो म्हटलं होतं का, हे टिपलं नाही तर ती वही मिटून ठेवावी.

पहिली सहल इनामगावला काढा. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. 1968 ते 1983 तिथल्या टेकाडात जोर्वे काळातल्या वस्तीचं उत्खनन चाललं. घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली सापडली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, आत इवलीशी हाडं. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. का, याची उत्तरं पुस्तकात वाचाल. पण टेकाडावर उभं राहून ती वाचलेली उत्तरं एकमेकांना विचारा. गेलेलं मूल घरातच, चुलीजवळ ठेवावंसं आईला का वाटलं असेल, यावर मानवशास्त्राच्या मुलीला जे सुचेल ते खापरवाल्याला सुचणार नाही. पुरावा किती आणि कल्पना किती, हे मात्र त्याने तिला बजावावं.

मग गावात जा. आपल्याकडे कसायची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. जुन्या वस्तीच्या टेकाडालाही लोक पांढरच म्हणतात. ती माती कसदार म्हणून शेतकरी गाड्या भरभरून शेतात नेत आले. त्यांच्यावर खेकसू नकोस. पारावर बसून आधी ऐक, मग टेकाडात काय दडलंय ते त्यांना मराठीत सांग. कितीतरी गावांत आपण खणलं, माल उचलला, अहवाल इंग्रजीत छापला, आणि ज्याच्या बांधावर आपले तंबू होते त्याला कोणी काही सांगितलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

एक जाड वही घाल. कुठे गेलात, कोण होतं, पैसे किती लागले, गावात कोणाला काय कबूल केलंत, सगळं त्यात लिही आणि पुढच्या सचिवाच्या हाती दे. कबूल केलेले फोटो पाठवायचे राहिले असतील तर तेही.

सहल दिवाळीनंतर ठेवा, तोवर चिखल वाळलेला असतो. तारीख ठरली की कळव. मी येईन.

तुझी,
बाई