नऊ वर्षांची कायम नोकरी सोडून सोलरच्या धंद्यात उतरावं का? (नागपूर)

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बुटीबोरीच्या कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला 6 जानेवारी 2017 पासून कायम, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26 हजार, बेसाला घर, त्याचा हप्ता 14,500, वय 34. पुढच्या महिन्यात नोकरी सोडून घरांच्या छतावर सोलर बसवायचं. एका कामात 20 हजार सुटतात, महिन्याला तीन कामं धरली तर 60 हजार. सोडू का?

सोडा. पण पुढच्या महिन्यात नाही. मी लोकांची पगारपत्रकं आणि फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब, करतो. माझ्या टेबलावर माणूस येतो तो राजीनामा देऊन झाल्यावर, तेव्हा हिशोब सांगून उपयोग नसतो. साहेबाशी वाजलं त्या दिवसाची तारीख टाकलेली असते कागदावर.

तुमची तारीख आहे 6 जुलै 2026. त्या दिवशी साडेनऊ वर्षं भरतात. ग्रॅच्युइटीचं सूत्र: शेवटचा मूळ अधिक महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. तुमचे वर्षाला बरोबर 15 हजार होतात. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे मे महिन्यात सोडलं तर 1,35,000 आणि 6 जुलै ओलांडून सोडलं तर 1,50,000.

पीएफमधल्या पेन्शनचं याहून नाजूक आहे. दहा वर्षं सेवा झाली की 58 व्या वर्षापासून पेन्शन, आणि साडेनऊ वर्षांना दहा धरतात. पेन्शनसाठी पगार 15 हजारांपर्यंतच धरतात, त्या मर्यादेने हिशोब: 15,000 गुणिले 10 भागिले 70, महिना 2,142. त्याआधी सोडलं तर पेन्शनऐवजी एकरकमी पैसे फॉर्म 10 सी भरून काढता येतात, तुमच्या बाबतीत एक लाख चाळीसच्या आसपास. दहा धरली गेली की काढता येत नाही, फक्त पेन्शन. आमच्या घरात यावरून जुना वाद आहे. धाकट्या भावाचं म्हणणं, 24 वर्षांनी मिळणाऱ्या दोन हजारांना कोण विचारतो, काढा आणि धंद्यात घाला. माझं म्हणणं, धंद्यात घातलेले एक लाख चाळीस पहिल्याच पावसाळ्यात ग्राहकांच्या उधारीत जातात. तुम्ही नसलात तरी त्या पेन्शनवर बायकोचा हक्क राहतो. धंद्यातल्या पैशावर पॅनेल पुरवणाऱ्या वितरकाचा राहतो.

तुमची पेन्शन सेवा खरंच 2017 पासून सलग दिसते का ते पीएफच्या पासबुकात बघा. बिनपगारी दिवस त्यातून वजा होतात. साडेनऊच्या काठावर असाल तर वीसेक बिनपगारी दिवसही तुम्हाला अलीकडे ढकलतील, म्हणून 7 जुलैला सोडू नका. आधीच्या कंपनीचा पीएफ ट्रान्सफर केलेला नसेल तर आधी तो करा. आणि शेवटच्या दिवसानंतर कंपनीने पीएफच्या नोंदीत ‘डेट ऑफ एक्झिट’, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरली का ते तपासा. ती नसेल तर क्लेम अडकतो. दोन महिने थांबून आधारच्या ओटीपीवर स्वतः भरता येते, पण तेवढे दोन महिने जातात. मुख्य पीएफला हात लावू नका. पाच वर्षं झाल्यामुळे काढताना कर नाही हे खरं, पण 2024-25 ला त्यावर 8.25 टक्के व्याज मिळालंय, इतकं तुमचा धंदा पहिल्या वर्षी देणार नाही.

आता त्या 20 हजारांकडे येऊ. तुम्ही पॅनेल, इन्व्हर्टर, स्ट्रक्चर, मजुरी वजा केली असणार. काय वजा केलं नाही ते सांगतो. घरावरच्या सोलरला सरकारी अनुदान पीएम सूर्यघर योजनेतून मिळतं, तिच्या यादीतला विक्रेता व्हायला 2.5 लाखांची बँक हमी लागते, त्यापोटी बँक एफडी अडकवून ठेवते. योजनेत बसवलेल्या प्रत्येक संचाची पाच वर्षं देखभाल विक्रेत्याच्या गळ्यात असते. इन्व्हर्टरने एरर दाखवला की ग्राहक फोन कंपनीला करत नाही, तुम्हाला करतो, आणि दिघोरीहून कोराडीला जायचं पेट्रोल तुमचं. म्हणजे ते 20 हजार एका कामाचे नाहीत, पाच वर्षांचे आहेत. त्यातले पाच बाजूला ठेवा, 15 धरा.

तीन किलोवॅटचं काम सांगतो. साडेपाचशे वॅटचे सहा पॅनेल, अनुदान मिळवायचं तर देशी सेलचेच. सरासरी दिवसाला 12 युनिट. हा आकडा ग्राहकाला सांगताना मे महिना वगळून सांगा. पॅनेलची क्षमता 25 अंशांना मोजलेली असते आणि वरच्या दर अंशाला साधारण 0.35 टक्के उतरते. आपल्याकडे हवा 45 ला असते तेव्हा काच 65 ते 70 ला पोचते, म्हणजे 14 ते 16 टक्के तिथेच गेले. हे आधी सांगितलं नाही की भांडण जूनच्या बिलावरून सुरू होतं. कामाचंही तसंच, मे महिन्यात स्लॅबवर सकाळी सहा ते दहाच्या पुढे पोरं थांबत नाहीत आणि पावसाळ्यात फाउंडेशनचं काँक्रीट धड सुकत नाही.

पैसा अडकतो तो शेवटच्या हप्त्यात. वितरक माल रोखीने देतो, ग्राहक उरलेली रक्कम नेटमीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज मोजणारं मीटर) लागल्यावर देतो. तीन घरांचे साठ-साठ हजार अडकले की 1,80,000 बाहेर, आणि बेसाचा हप्ता 5 तारखेलाच कापला जातो. तीन कामं महिन्याला मिळाली तरी पहिले चार महिने हातात काही येणार नाही असं धरून चाला. घरखर्च आणि हप्ता मिळून 42 हजार लागत असतील तर 2,52,000, सहा महिन्यांचे, धंद्याच्या भांडवलापासून वेगळ्या खात्यात. बँक हमी यात धरू नका.

राजीनाम्याआधीची कामं. ऑफिसचा आरोग्य विमा शेवटच्या दिवशी संपतो. वडिलांना शुगर असेल तर नव्या पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी करून मिळते का ते एचआरला आत्ता विचारा. वैयक्तिक पॉलिसीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी नाही, तेवढं बरं. टर्म इन्शुरन्स पगाराच्या स्लिपवर आत्ता घ्या. पीएफसोबत असलेला 7 लाखांपर्यंतचा विमा नोकरीबरोबर जातो, हे कोणी सांगत नाही. धंदेवाल्याला बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते, तेव्हा ओव्हरड्राफ्ट काढायचा असेल तर तोही आधी. राजीनामा देऊन मग जुन्या स्लिपा दाखवू नका, ती लबाडी झाली.

शेवटचा दिवस मी 30 सप्टेंबर धरतो. नोटीस दोन महिन्यांची असेल तर कागद 31 जुलैला द्या, नाहीतर नोटीसचे पैसे कापले जातील. पितृपक्षात कोणी छतावर खर्च करत नाही, यंदा अधिक मासामुळे तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत जातोय, तेवढ्यात विक्रेता नोंदणी उरका. खरी कामं दसऱ्यापासून.

एक गोष्ट आधी लिहायला हवी होती. घरांसाठीचं 78 हजारांपर्यंतचं अनुदान ज्या योजनेतून येतं ती 2026-27 पर्यंतच आहे. तुम्ही ऑक्टोबरला सुरू करणार, मार्चला ती संपणार. वाढली तर वाढली. म्हणून घरांच्या मागे एकट्याने धावू नका. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या शेडांवर अनुदानाशिवाय सोलर लागतं, आणि तिथला इलेक्ट्रिकल पॅनेल रूम तुम्हाला विक्रेत्यांच्या पोरांपेक्षा जास्त कळतो. देखभालीचे वार्षिक करार तिथेच मिळतील.

आणि भावाबद्दल, खरं ते लिहितो. एक लाख चाळीस 7 टक्क्यांनी 24 वर्षं राहिले तर 7 लाखांच्या वर जातात, आणि त्याचं महिन्याचं व्याज 2,142 च्या दुपटीच्या जवळ जातं. आकड्यात तो बरोबर आहे. ते पैसे 24 वर्षं हात न लावता ठेवणारा माणूस मात्र मला अजून भेटायचाय, आणि तो स्वतः तर नक्कीच नाही.