कॉम्प्युटरचा गुडघा घ्यावा का?

प्रश्न : मळणी यंत्रात वडिलांचा पाय गेला, गुडघ्याखाली कापावा लागला. परदेशात कॉम्प्युटरचा गुडघा निघालाय म्हणतात. एक एकर विकून घ्यावा का? – एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : दादा, जमीन अजिबात विकू नका. १९९७ साली जर्मनीच्या ओटोबॉक कंपनीने आणलेला ‘सी-लेग’ हा असा गुडघा. त्यातले सेन्सर चाल ओळखतात आणि हायड्रॉलिक झडप गुडघा कधी सैल, कधी घट्ट करते. पण तो मांडीतून पाय गेलेल्यांसाठी. तुमच्या वडिलांचा स्वतःचा गुडघा शाबूत आहे, हे मोठं भाग्य!

शेतकऱ्याला मी आधी जयपूर फूटच सुचवतो. १९६८ मध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला. रबरी असल्याने अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, काळ्या रानातल्या चिखलातही चालतो. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते.

खरं लक्ष सॉकेटकडे, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या वाटीकडे द्या. आता काही ठिकाणी प्लास्टरऐवजी थ्रीडी स्कॅनरने माप घेतात. पण सुरुवातीचे काही महिने उरलेला पाय बारीक होत जातो, म्हणून माप पुन्हा घ्यावंच लागतं. कातडी लाल राहिली तर वडिलांना सहन करू देऊ नका, लगेच दाखवा.