‘डोन्ट नोइंग’ का चुकतं? इंग्रजी वाक्याची सुरुवात नकाराने करताना ‘नॉट’ कुठे ठेवायचा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ‘डोन्ट नोइंग’ का चालत नाही, आणि ‘नॉट हॅविंग सीन’ बरोबर की ‘हॅविंग नॉट सीन’. दोन्ही चटकन सांगून होतील. मी क्लास घेतो, आणि मुलांचे मार्क जातात ते तिसऱ्याच ठिकाणी. तेव्हा त्यावर जरा सविस्तर लिहितो.

‘डोन्ट’, ‘डिडन्ट’ ही काळ दाखवणारी मंडळी. आयएनजी लागलेल्या पार्टिसिपलला (‘नोइंग’, ‘हॅविंग’ अशा क्रियापदाच्या रूपाला) स्वतःचा काळ नसतो, त्यामुळे तिथे त्यांना कामच उरत नाही. नुसता ‘नॉट’ घ्यायचा, तोही पार्टिसिपलच्या आधी: ‘नॉट नोइंग द वे, शी आस्क्ड अ पोलिसमन.’ नकार आधीच्या काळातला असेल तर ‘नॉट हॅविंग’: ‘नॉट हॅविंग ईटन सिन्स मॉर्निंग, शी फेल्ट डिझी.’ ‘हॅविंग नॉट’ही अधूनमधून वाचायला मिळतं, पण परीक्षेत त्या वाटेला जाऊ नका. ‘नेव्हर’चे मात्र लाड आहेत, ‘नेव्हर हॅविंग सीन’ आणि ‘हॅविंग नेव्हर सीन’ दोन्ही खपतात.

आता खरी मेख. ‘तिकीट नसल्यामुळे टीसीने त्याला दंड केला.’ मराठीत या वाक्यात काही खोट नाही. तेच जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं, ‘नॉट हॅविंग अ टिकेट, द टीसी फाइन्ड हिम’, की विनातिकीट ठरतो तो टीसी! इंग्रजीत स्वल्पविरामानंतर जो कर्ता येतो, त्याच्याच गळ्यात आधीचा नकार पडतो. मराठीतला ‘नसल्यामुळे’ असा बांधलेला नसतो, कोणाकडे तिकीट नव्हतं हे आपण संदर्भावरून समजून घेतो. म्हणून इंग्रजीत एक तर कर्ता बदला, ‘नॉट हॅविंग अ टिकेट, ही वॉज फाइन्ड’, नाहीतर सरळ ‘ॲज ही डिडन्ट हॅव अ टिकेट, द टीसी फाइन्ड हिम’ लिहा.

रजेच्या अर्जात ही चूक हमखास सापडते: ‘नॉट फीलिंग वेल, काइंडली ग्रँट मी लीव्ह.’ ‘ग्रँट’ ही आज्ञा, तिचा न लिहिलेला कर्ता ‘यू’, म्हणजे साहेब. व्याकरणाने बघितलं तर बरं नाहीये साहेबांना आणि रजा मागताय तुम्ही. (रजा तरीही मिळते, म्हणून ही चूक टिकून आहे.) तिथे ‘ॲज आय ॲम नॉट फीलिंग वेल’ लिहा.

दुसरा घोळ ‘न करता’चा. ‘न सांगता निघून गेला’ याचं ‘नॉट टेलिंग मी, ही लेफ्ट’ करू नका. अपेक्षित कृती टाळली असेल तर इंग्रजी माणूस ‘विदाउट’ वापरतो: ‘ही लेफ्ट विदाउट टेलिंग मी.’ मराठी वाक्य मनात ‘नसल्यामुळे’, ‘न आल्यामुळे’ असं कारण सांगत असेल तर ‘नॉट’. ‘न जेवता’, ‘न विचारता’ अशा थाटाचं असेल तर ‘विदाउट’. नव्वद टक्के वेळा हे जमून जातं. फरक कुठे बोचतो बघा: ‘नॉट नोइंग इट वॉज अ बॉन्ड, ही साइन्ड’ म्हणजे बॉन्ड आहे हे माहीत नसल्यामुळे सही केली, पण ‘विदाउट नोइंग इट, ही हॅड साइन्ड अ बॉन्ड’ म्हणजे नकळत बॉन्डवर सही करून बसला.

आणि ‘बस नसल्यामुळे आम्ही चालत गेलो’ याचं काय? ‘नॉट हॅविंग अ बस, वी वॉक्ड’ म्हटलं तर आमच्या मालकीची बस नव्हती असं वाटतं. इथे ‘देअर बीइंग नो बस, वी वॉक्ड’ असं लिहितात. परीक्षेत कॉम्प्लेक्स (मिश्र) वाक्याचं सिंपल (साधं) वाक्य करायला सांगितलं तर हे वापरा. बोलताना मात्र ‘देअर वॉज नो बस, सो वी वॉक्ड’ एवढंच म्हणा, ‘देअर बीइंग’ म्हणालात तर समोरचा दचकेल.