बाबांसाठी कद्दिश कोण म्हणणार?

'मावशी, मी बेने इस्रायल (कोकणातली ज्यू), अलिबागची, वय 46. बाबा जाऊन दोन महिने झाले. आई आधीच गेली, भाऊ नाही, मी एकुलती एक. आमच्या इस्रायल आळीतल्या सिनेगॉगमध्ये शब्बाथला (शनिवारी, विश्रांतीच्या दिवशी) प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमवता जमवता नाकी नऊ यायचे. नऊ झाले की बाबांना फोन यायचा आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनी निघायचे. आता तेच नाहीत, त्यामुळे मिनयानही (दहा पुरुषांचा भरणा) होत नाही. मी कद्दिश (गेलेल्या आईबापांसाठी म्हणायची प्रार्थना) म्हणते असं काकांना सांगितलं, तर म्हणाले, "बायकांनी म्हणायचं नसतं, हे नवीन खूळ काढू नकोस." इस्रायलमधल्या अश्दोदचा चुलतभाऊ म्हणतो, "जेरुसलेमच्या एका येशिवात (धर्मपाठशाळेत) पैसे भरतो, ते अकरा महिने म्हणतील, तू निर्धास्त राहा." मी निर्धास्त नाही, मला राग येतो. बाबांनी मला लहानपणी अलेफ-बेथ (हिब्रू मुळाक्षरं) शिकवली ती कशाला? माझं काही चुकतंय का?
— अलिबागची लेक'

लेकी,

तुझं चुकत नाही. पण काका मनाचं काही सांगत नाहीयेत, हेही ऐकून घे. एकोणिसाव्या शतकात हंगेरीच्या रब्बी श्लोमो गान्झफ्रिड यांनी सामान्य माणसासाठी धर्मनियमांचा एक आटोपशीर ग्रंथ लिहिला, 'कित्सुर शुलखान आरुख'. घरोघरी वाचला गेलेला ग्रंथ. त्यात मुलीनं सिनेगॉगमध्ये कद्दिश म्हणू नये असा स्पष्ट कौल आहे. काकांच्या कानावर लहानपणी जे पडलं त्याचं मूळ अशाच ग्रंथांत आहे.

फक्त त्याच प्रकरणात थोडं पुढे काय लिहिलंय, ते काकांना कोणी वाचून दाखवलेलं दिसत नाही. गान्झफ्रिड म्हणतात, कद्दिशचा आईबापांना उपयोग होतो खरा, पण ती मुख्य गोष्ट नव्हे. मुलांनी नीट वागणं ही मुख्य गोष्ट. बापानं मुलांना एखादी मित्स्वा (धर्माज्ञा) नेमून द्यावी, त्यांनी ती नेटानं पाळावी, त्याचं मोल कद्दिशपेक्षा जास्त. आणि ज्यांना मुलगे नाहीत, फक्त मुली आहेत, त्यांच्यासाठीही हाच चांगला मार्ग आहे, असंही ते लिहून ठेवतात. म्हणजे मुलीला नाही म्हणणारा माणूसही तिला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही.

आता 'नवीन खूळ' या शब्दांबद्दल. 1699 साली फ्रँकफुर्टमध्ये रब्बी याईर बाखराख यांच्या धर्मप्रश्नांवरच्या उत्तरांचा संग्रह छापून निघाला. त्यात अॅमस्टरडॅमचं एक प्रकरण आहे. मुलगा नसलेल्या एका माणसानं मरताना सांगून ठेवलं, की वर्षभर रोज दहा माणसांनी माझ्या घरी बसून धर्मग्रंथ वाचावेत, त्यांना पैसे द्यावेत आणि वाचन झालं की माझ्या मुलीनं कद्दिश म्हणावं. ती म्हणाली, आणि गावातल्या विद्वानांनी विरोध केला नाही. बाखराख म्हणतात, याला नकार देण्याजोगा पुरावा मला दिसत नाही. देवाचं नाव पवित्र करण्याची आज्ञा बाईलाही आहे आणि तिच्या म्हणण्यानं बापाच्या आत्म्याला समाधान मिळेल. तरीही शेवटी ते नकोच म्हणतात, कारण प्रत्येकानं आपापली रीत काढली तर जुन्या चालीरीती ढिल्या पडतील ही त्यांना धास्ती. मला हा माणूस आवडतो. नकार दिला, पण कारण लपवलं नाही. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन, हे तर कर्मठांचे कर्मठ, दुसऱ्याच कशावर तरी लिहिताना सहज लिहून जातात की पिढ्यान्पिढ्या शोकातली बाई कद्दिश म्हणायला कधीकधी पुरुषांच्या बाजूला येत असे.

खूळ म्हणायचंच असेल, तर किमान सव्वातीनशे वर्षांचं आहे.

चुलतभावाच्या प्रस्तावावर हेन्रिएटा झोल्ड यांचं उत्तर तुला आवडेल. 1912 साली अमेरिकेत ज्यू स्त्रियांची 'हदासा' ही संघटना उभी करणारी ही बाई. घरात आठ मुली, मुलगा नाही. 1916 साली आई वारली तेव्हा हायम पेरेत्झ नावाच्या स्नेह्यानं तुझ्या आईसाठी मी कद्दिश म्हणतो असं कळवलं. तिनं मनापासून आभार मानून नाही म्हटलं. आम्हाला मुलगा हवा होता असं आईच्या तोंडून कधी आलं नाही. वडील गेले तेव्हाही कद्दिश म्हणण्यातली मुलींची जागा दुसऱ्याला घेऊ द्यायला आई तयार नव्हती, असं तिनं लिहिलं. पैसे देऊन कद्दिश म्हणवून घेणं नियमात बसतं आणि चुलतभावाचा हेतूही चांगला आहे. त्याला भरू देत पैसे. पण ते तुझ्याऐवजी नव्हे, तुझ्याबरोबर, एवढं त्याला सांग.

इथवर काकांशी भांडायला दारूगोळा दिला. आता भांडू नकोस असं सांगते.

बेने इस्रायल नसलेल्या वाचकांसाठी थोडं. कद्दिश अरमाई भाषेत आहे आणि त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही. मेलेल्याचं नाव घेऊन त्याला शांती मागायची ती हाशकाबा, वेगळी. कद्दिशमध्ये फक्त देवाच्या नावाची थोरवी. शोकातला माणूस उभं राहून ती म्हणतो आणि बाकीचे 'आमेन, येहे शेमे रब्बा' म्हणून उत्तर देतात. तलमूद हा आपला जुना धर्मग्रंथ मोठं फळ सांगतो ते या उत्तर देणाऱ्याला: जो सगळं बळ एकवटून हे उत्तर देतो, त्याच्याविरुद्धचा निवाडा फाडून टाकला जातो. म्हणूनच ते एकट्यानं म्हणता येत नाही, दहा माणसं लागतात. (हा दहाचा आकडा ज्यांच्यावरून काढला ते तोराहमधले (मोशेच्या पाच ग्रंथांतले) दहा हेर होते, कनान देशाची खोटी भीती घालून लोकांना रडवणारे. यहोशवा आणि कालेब वगळून उरलेले. सत्पुरुषांवरून आकडा काढला असता तर मिनयान कुठेच झाला नसता.)

तेव्हा तुझी खरी अडचण काका नाहीत. उद्या त्यांनी तुला हो म्हटलं तरी अलिबागमध्ये तुला उत्तर द्यायला दहा जण नाहीत. आणि काकांनी स्वतः भावासाठी म्हणायचं ठरवलं तरी त्यांचीही तीच गत. तू रागावलीस, ते अडून बसले, आणि तुम्हा दोघांचंही कद्दिश राहून जातंय. दोन महिन्यांत त्यांनी सख्ख्या भावासाठी किती वेळा म्हटलं, हे कधी विचारलंस? टोमणा म्हणून नव्हे. या वयात भाऊ गेला की माणूस नियमांमागे लपतो, असं मी पाहिलंय.

मग परवानगी मागू नकोस, सोबत माग. 'काका, महिन्यातून एकदा आपण दोघं ठाण्याला जाऊ.' तिथलं शाआर हाशामाईम सिनेगॉग 1879 पासून उभं आहे, वस्तीही मोठी आहे, दहा जमायची शक्यता इथल्यापेक्षा बरी. शुक्रवारी दुपारीच नातलगांकडे मुक्कामाला जा, म्हणजे शब्बाथला प्रवास नको. काकांनी खाली उभं राहून म्हणावं, तू बायकांच्या बाजूनं त्यांच्याबरोबर हळू आवाजात म्हण. तिथल्या हजानला (प्रार्थना चालवणाऱ्याला) आधी फोन करून हे सांग. ऐनवेळी कोणी वळून पाहिलं तर काका अवघडतील, तू नाही. मोठ्यानं, एकटीनं म्हणायचंच असेल तर मुंबईत सुधारक परंपराही आहे: डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं 1925 मध्ये निघालेली ज्यूइश रिलिजस युनियन. तिच्या रोदेफ शालोम सिनेगॉगमध्ये विचार. तिथे काका येणार नाहीत, हे मात्र धरून चाल.

अलिबागला घरी असताना बाबांच्या हिब्रू नावातलं एकेक अक्षर घे आणि 119व्या स्तोत्रातल्या त्या अक्षराच्या आठ ओळी वाच. या स्तोत्रात अलेफपासून ताव्हपर्यंत बावीस अक्षरं, प्रत्येकाला आठ ओळी; मृताच्या नावानं ती वाचायची रीत जुनी आहे. याला मिनयान लागत नाही. अलेफ-बेथ कशाला शिकवली, असं विचारलंस ना?

उरली मित्स्वा. बाबांनी नेमून दिली नाही असं म्हणू नकोस. दुखऱ्या गुडघ्यांनी दहावा माणूस व्हायला जाणाऱ्यानं आणखी काय नेमून द्यायचं? तुला दहाव्यात धरणार नाहीत, ठीक. मोजणीतून वगळलं जाणं आपल्या लोकांना नवं नाही. मुंबईतल्या काही बगदादी ज्यू मंडळींनी बेने इस्रायली पुरुषांनाच मिनयानमध्ये धरायला नकार दिला होता, आणि इस्रायलमध्ये आपण पूर्ण यहुदी आहोत हे मान्य व्हायला 1964 उजाडलं. तेव्हाही आपली माणसं घरी बसली नव्हती. पण माणसं जमवायला पुरुष असावं लागतं, असं कोणत्याच ग्रंथात नाही. अलिबाग, रेवदंडा, पेण, जिथे जिथे आपली दोन-चार घरं आहेत त्यांचे नंबर एका वहीत लिही. सणाला मुंबईहून कोण येतंय, कोणाला गाडीतून आणावं लागेल, हे आठवडाभर आधी विचारून ठेव. बाबांना जो फोन यायचा, तो करणारं कोणीतरी होतंच ना? ते काम आता तू घे. महिन्यातून एकदा जरी दहा भरले, तरी काका पहिल्या रांगेत उभे असतील, आणि मग तू मागून म्हणतेयस की नाही हे ते विचारणारही नाहीत असा माझा अंदाज आहे. विचारलंच, तर मला पुन्हा लिही.

— मावशी